वस्तऱ्याच्या पाठीवरची टेप

गणपतीआधी पेणमध्ये किंवा धावीर महाराजांच्या उत्सवाआधी रोह्यात जुन्या घरांची झाडलोट निघते. माळ्यावरून पितळी डबे, कंदील, फुटका आरसा खाली येतो आणि एखाद्या घरात त्यांच्यासोबत एक लांबट काळी पेटीही येते. उघडली की आत आजोबांचा घडीचा वस्तरा. मुठीला हस्तिदंती रंग, पात्यावर गंजाचे ठिपके आणि शेपटीजवळ पुसट अक्षरांत गावाचे नाव: इंग्लंडचे शेफिल्ड, नाहीतर जर्मनीचे सोलिंगेन. घरातल्या कुणा तरुणाला वाटते, याला पुन्हा धार लावावी, निदान एकदा तरी याने दाढी करून पाहावी. तो दगड आणतो, चार जाणत्यांना विचारतो आणि पहिल्याच पायरीला गोंधळतो. एक जण म्हणतो, पात्याच्या पाठीवर वायरमनची काळी टेप लाव आणि मगच दगडावर घे. दुसरा बजावतो, टेप मुळीच लावू नकोस, वस्तऱ्याची घडणच बिघडेल.

दोघेही अनुभवाचे बोलत असतात. फरक असतो तो त्यांच्या हातातल्या वस्तऱ्यांत. हा वाद मताने सुटत नाही, मापाने सुटतो, आणि ते माप घ्यायला पाच मिनिटे पुरतात.

कोकणात धार लावणे कुणाला नवे नाही. कोयता, विळा, विळी, नारळ सोलायची पहार, सगळ्यांना धार लागते. कोयत्याला धार लावताना पाते किती कलते धरायचे, हे हात ठरवतो. कोन थोडा इकडेतिकडे झाला तरी लाकूड तुटते, गवत कापले जाते. वस्तऱ्यात हा निर्णय हाताकडे ठेवलेलाच नाही. वस्तरा दगडावर चक्क आडवा झोपवतात. त्याची जाड पाठ आणि पातळ धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात आणि दोन्ही एकत्र घासल्या जातात. धारेचा कोन किती हे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवर ठरते. म्हणजे कारागिराने कोन पात्यातच घडवून ठेवलेला असतो. पोलादी हत्यारांत इतकी सुबक युक्ती क्वचित दिसते.

आकड्यांत पाहू. वस्तऱ्याची रुंदी परंपरेने इंचाच्या अष्टमांशात मोजतात. पाच अष्टमांशाचे पाते म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. त्याची पाठ ४.६ मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन साडेसोळा अंशांच्या आसपास येतो. दाढीच्या वस्तऱ्याला हा कोन उत्तम. चौदाच्या खाली गेला तर धार अतिशय नाजूक होते, दाट केसांपुढे वाकते, तिच्या बारीक कपच्या उडतात. एकोणीस-वीसच्या वर गेला तर धार टिकते खरी, पण गालावर ओढल्यासारखी चालते.

आता टेपकडे येऊ. विजेच्या तारांना गुंडाळतात ती पीव्हीसी टेप साधारण ०.१२ ते ०.१८ मिलिमीटर जाड असते. ती पाठीवरून दोन्ही बाजूंना दुमडून लावली की दोन्ही अंगांनी पाठ तेवढी उचलली जाते. वरच्या उदाहरणात एका थराने कोन साडेसोळावरून साडेसतरा होतो. एक अंश. ऐकायला क्षुल्लक, पण दाढीची धार जिथे संपते तिथली जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, आणि तिथे एक अंश म्हणजे दगड नेमका कुठे लागतो आणि कुठे लागत नाही याचा पूर्ण हिशेब.

टेपचे अर्धे गोंधळ याच ठिकाणी जन्मतात. समजा, आधीच्या मालकाने वस्तऱ्याला टेप लावून धार केली होती आणि नव्या माणसाने टेपशिवाय घासायला सुरुवात केली. आता कोन एका अंशाने कमी. त्यामुळे दगड धारेलगतच्या चकचकीत उताराच्या फक्त मागच्या कडेला लागतो, खुद्द धारेला शिवतही नाही. तासभर घासले तरी वस्तरा बोथटच. माणूस दगडाला दोष देतो, मग पोलादाला, मग स्वतःच्या हाताला. उलट बाजूने पाहा. आधी टेपशिवाय धार झालेली आहे आणि आता टेप लावली, तर दगड थेट धारेच्या टोकालाच लागतो आणि जुन्या उताराच्या कडेला एक अगदी अरुंद नवा उतार पडतो. धार झटपट लागते आणि टेपची जादू झाली असे वाटते. ती जादू नव्हे. काही जाणकार शेवटच्या बारीक दगडावर मुद्दाम असे करतात. फक्त एकदा हा दुसरा उतार पाडला की पुढच्या खेपेलाही टेप लावावीच लागते, नाहीतर तो उतार पुरता घासून काढावा लागतो.

हे ओळखायला एक सोपा उपाय आहे. धारेलगतच्या उताराला दोन्ही बाजूंनी मार्कर पेनची शाई लावायची, पाते दगडावर दोन-चार वेळा हलकेच फिरवायचे आणि भिंगातून पाहायचे. शाई धारेपर्यंत पुसली गेली असेल तर कोन जुळला. मागची शाई गेली आणि टोकाची राहिली, तर पाठ उचलायला हवी, म्हणजे टेप हवी. फक्त टोकाची गेली, तर आधीचा माणूस टेपशिवाय काम करत होता आणि आता टेप जास्त होते आहे. जुना वस्तरा हाती आला की दगड भिजवण्याआधी ही चाचणी करावीच. तिच्याने पोलाद वाचते आणि माणसाची चिकाटीही.

टेप लावायची रीत मुळात आली कुठून? ती फार जुनी असणे शक्य नाही, कारण ज्या टेपबद्दल आपण बोलतो आहोत ती व्हिनाइलची टेप अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या संशोधकांनी १९४६ मध्ये तयार केली. वस्तऱ्याचा सुवर्णकाळ त्याआधीचा. बदलत्या ब्लेडचा रेझर काढणाऱ्या किंग कॅम्प जिलेटची कंपनी १९०१ मध्ये निघाली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, तिचे अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला आणि घडीचा वस्तरा माणसाच्या घरातून हळूहळू निघून फक्त न्हाव्याच्या दुकानात उरला. तेव्हा शेफिल्डच्या किंवा सोलिंगेनच्या कारागिराने पाठ घडवली ती उघड्या पोलादाने दगडावर टेकण्यासाठीच. टेपशिवाय धार लावा म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे आणि तो खरा आहे.

त्यामागचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. दगडावर घासून घासून पात्याची रुंदी वर्षानुवर्षे कमी होते. रुंदी कमी झाली की कोन वाढतो. पण त्याच वेळी पाठही घासली जाते आणि जाडी कमी झाली की कोन घटतो. एक वाढवतो, दुसरा घटवतो आणि वस्तरा जन्मभर आपला कोन जवळपास राखून असतो. टेप लावली की हे गणित एका बाजूला झुकते. पाठ अबाधित राहते, रुंदी मात्र कमी होतच जाते. १६ मिलिमीटरचे पाते झिजून १५ झाले आणि पाठ ४.६ चीच राहिली, तर कोन साडेसोळावरून साडेसतराच्या पुढे जातो, वर टेपचा एक अंश वेगळा. अर्थात एक मिलिमीटर झिजायला घरच्या वापरात कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे एका पिढीला याची फारशी चिंता नको.

गावोगावच्या न्हाव्यांना हे गणित कुणी फळ्यावर शिकवले नव्हते. बलुतेदारीत न्हावी सुगीच्या धान्यावर वर्षभर गावाची हजामत करी. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, आरसा, वाटी आणि धारेचा दगड असे. दिवसभरात कितीतरी गालांवरून आणि डोक्यांवरून तेच पाते फिरे. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ते चामड्यावर, पुष्कळदा नुसत्या तळहातावर, पुसल्यासारखे फिरवले जाई आणि पुरेनासे झाले की दगडावर घेतले जाई. असे वापरलेले पाते आज सापडते तेव्हा झिजून बोटाएवढे अरुंद झालेले असते आणि पाठीच्या दोन्ही अंगांना सपाट चकचकीत पट्टे पडलेले असतात. ते पट्टे पाहून हळहळण्याचे कारण नाही. ती खऱ्याखुऱ्या मजुरीची खूण आहे आणि वस्तरा ज्यासाठी घडवला त्याच कामात तो झिजला आहे. याच हत्याराने एकदा इतिहासही घडवला. १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन करायला नकार दिला. महाराष्ट्राने तो नकार अधिक आदराने आठवायला हवा.

पोलादाच्या गोष्टीतही मुंबईचे नाव येते. भारतीय वुट्झ पोलादाचे नमुने १७९४ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. त्या काळचा लंडनचा नामांकित हत्यारकार जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या प्रेमात पडला. पुढे त्याने आणि मायकेल फॅरडेने मिळून १८२० आणि १८२२ मध्ये पोलादाच्या मिश्रधातूंवर निबंध प्रसिद्ध केले. होय, विजेचा तोच फॅरडे. त्या प्रयोगांतल्या पोलादाचे वस्तरे त्याने मित्रांना भेटही दिले. पोलादात चांदीचा पाचशेवा भाग मिसळण्याची कल्पना याच कामातून पुढे आली आणि नंतर शेफिल्डच्या कितीतरी वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' अशी अक्षरे कोरली जाऊ लागली. त्या सगळ्यांत खरोखर चांदी असेलच असे मात्र समजू नये.

मग टेप केव्हा लावावी?

पहिले प्रकरण जुन्या, पाचरीसारख्या वस्तऱ्यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली बरीच पाती अशी असतात, की पाठीपासून धारेपर्यंत त्यांचे अंग जवळजवळ सपाट उतरत जाते, मध्ये खोलगटपणा नाहीच. नंतरच्या पात्यांची अंगे चाकावर घासून आत दबलेली, पोकळ केलेली असतात, म्हणून दगडाला फक्त पाठ आणि धार लागते. पाचरीचे पाते दगडावर आडवे ठेवले तर त्याचे अख्खे अंगच दगडाला चिकटते. धार काढायची तर पूर्ण अंग घासत बसावे लागेल आणि पाते विद्रूप होईल. इथे टेपचा एक थर, प्रसंगी दोन, हाच शहाणपणा आहे.

दुसरे, पाठ आधीच वाजवीपेक्षा जास्त झिजलेली असेल तेव्हा. कुणीतरी बोटांनी दाब देऊन, खरखरीत दगडावर घासघास घासलेले पाते हाती येते. माप घेतले तर पाठ रुंदीच्या चौथ्या हिश्श्याहूनही पातळ भरते, म्हणजे कोन साधारण साडेचौदाच्या खाली उतरलेला. अशा पात्याला टेप औषधासारखी लागू पडते. तिसरे, पाठीवर नक्षी, सोनेरी मुलामा किंवा कोरीव काम असेल तर. ते घासून घालवणे हा करंटेपणा आहे.

चौथे प्रकरण नवशिक्याचे, आणि इथे टेपशिवायवाले थोडे कठोर होतात. नवा माणूस दाब देतो. कितीही सांगितले तरी पहिले काही दिवस देतोच. खरखरीत दगडावर दाबलेल्या पात्याची पाठ बघता बघता रुंद सपाट होते आणि गेलेले पोलाद परत येत नाही. टेप झिजली तर थोड्या पैशांत नवी येते. शिकण्याच्या काळात एक थर लावून काम करणे यात कमीपणा काही नाही.

या चारांत न बसणारा, म्हणजे पाठ शाबूत, अंगे पोकळ, नक्षी नाही आणि हात बऱ्यापैकी बसलेला, असा वस्तरा टेपशिवायच घासावा. टेपला तिचे स्वतःचे दोष आहेतच. ती मऊ असते, दाबाखाली दबते, आणि दाब कमीजास्त झाला की कोनही कमीजास्त होतो. घासता घासता ती स्वतः झिजते, म्हणून सुरुवातीचा कोन आणि शेवटचा कोन एक राहत नाही. दगडावर तिचा डिंक आणि रबरी चुरा बसतो. वाकलेले किंवा पिळवटलेले पाते टेपने सरळ होत नाही, हेही लक्षात असावे.

लावायचीच तर नीट लावावी. पाठ आधी कोरडी पुसून तेलाचा अंश घालवावा. पात्याच्या लांबीएवढीच पट्टी कापावी, ताणू नये, कारण ताणलेली टेप पातळ होते आणि नंतर आखडते. सुरकुती, बुडबुडा, एकावर एक आलेले टोक, काहीही राहता कामा नये. पाठ जिथे दगडाला टेकते ती दोन्ही ठिकाणे झाकली गेली की पुरे. टेपवर झिजलेला पट्टा दिसू लागला की ती बदलावी, आणि खरखरीत दगडावरून बारीक दगडावर जाताना तर बदलावीच, कारण जुन्या टेपमध्ये रुतलेले खरखरीत कण बारीक दगडावर ओरखडे पाडतात. धारेचा मूळ उतार साधारण १००० ग्रिटच्या दगडावर बसवतात (आकडा मोठा तितका दगड बारीक), मग ४०००-५०००, मग ८०००, जमल्यास १२०००. सगळीकडे धार पुढे ठेवून, पात्याच्या स्वतःच्या वजनावर, आणि वळवताना पाते पाठीवर उलटवून. धारेवर उलटवले तर केलेले काम त्या क्षणी वाया जाते. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून फिरवायचे, आणि तेव्हा टेप काढलेली असावी.

टेप पेणच्या किंवा रोह्याच्या कुठल्याही विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. चांगल्या दगडासाठी मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, एक चक्कर मारलेली बरी. मुंबईकडे जायला रोह्याहून दिव्याची गाडी आहेच. दारावर येणाऱ्या चाकवाल्या धारवाल्याकडे मात्र वस्तरा कधीच देऊ नये. तो कात्री आणि विळी उत्तम करून देतो, पण कोरड्या फिरत्या चाकावर वस्तऱ्याची पातळ धार क्षणात तापते, पोलादाचे पाणी उतरते आणि मग कितीही दगड फिरवले तरी धार टिकत नाही.

रायगडात टेपचा आणखी एक धोका आहे आणि परदेशी माहितीत तो सहसा सापडत नाही. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पेणला खाडीची, मिठागरांची खारट हवा, रोह्याला कुंडलिकेचा दमटपणा. जुने वस्तरे साध्या कार्बन पोलादाचे असतात, गंजायला टपलेलेच. काम झाल्यावर टेप तशीच राहू दिली तर तिच्याखाली अडकलेल्या ओलाव्याने पाठ आतल्या आत गंजते आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. म्हणून टेप त्याच दिवशी काढावी, डिंक स्पिरिटने पुसावा, पाते कोरडे करून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खोबरेल तेल जुन्या घरांत वापरत, पण ते काही दिवसांनी चिकट होते आणि खवट होते.

आज पेण-रोह्याच्या सलूनमध्ये हा सगळा खटाटोप दिसणार नाही. तिथल्या वस्तऱ्यात कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ब्लेडचे नवे अर्धे पान बसवतो आणि ते वापरून टाकून देतो. ठाण्यात विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यात बनलेली सुपरमॅक्स ब्लेड एकेकाळी गावोगाव पोचली होती. एचआयव्ही आणि कावीळ 'ब' यांबद्दल जागृती झाल्यावर हा बदल पक्का झाला, आणि तो अत्यंत योग्य बदल आहे. दगडावर धार लावलेला वस्तरा एकाच माणसाने वापरावा, भावाभावांतही वाटून घेऊ नये.

तेव्हा माळ्यावरचा वस्तरा सापडलाच, तर आधी व्हर्नियर कॅलिपर शोधा. शाळेच्या प्रयोगशाळेत, फिटरकडे किंवा धाटावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणाकडे तो नक्की मिळेल. पाठ टेकते तिथली जाडी मोजा आणि तिथून धारेपर्यंतची रुंदी मोजा. रुंदीला जाडीने भागा. उत्तर तीन आणि साडेतीनच्या दरम्यान आले तर पाते ठीक आहे, वरची इतर कारणे नसतील तर टेपची गरज नाही. चाराकडे झुकले तर एक थर लावा. तीनच्या खाली गेले तर टेपचे नावही काढू नका. आणि धार लावून झाली की एका कागदावर तारीख, घेतलेले माप आणि 'टेपशिवाय' किंवा 'टेप, एक थर' एवढे लिहून तो कागद वस्तऱ्याच्या पेटीत ठेवा. पुढे ज्याच्या हाती हे पाते जाईल, त्याचे कितीतरी पोलाद त्या चिठ्ठीने वाचेल.